बॅटरी आधी, चिठ्ठी नंतर

पाऊस सुरू झाला, शाळा भरल्या, की पंधरा दिवसांत बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली बाकं भरून जातात. कुणाच्या कडेवर तापानं मलूल झालेलं पोर असतं, कुणाचं बोट धरून आलेली पाचवीतली मुलगी असते. संध्याकाळच्या दोन तासांत तीस-चाळीस मुलं तपासायची असतात. आईवडील सांगतात, "डॉक्टर, घसा धरलाय. कालपासून काही गिळत नाही. परवा युनिट टेस्ट आहे, जरा जोरदार औषध द्या." डॉक्टर ताप विचारतात, छातीला स्टेथॉस्कोप लावतात आणि चिठ्ठी लिहितात. चिठ्ठीत एक अँटिबायोटिक असतं. टेबलावरची बॅटरी मात्र पुष्कळदा उचललीच जात नाही.

हा लेख त्या बॅटरीविषयी आहे. मुलांच्या घशाच्या आणि तोंडाच्या आजारांवर औषधं मुबलक आहेत, स्वस्त आहेत, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात. आपण कमी पडतो ते औषध कुणाला द्यायचं हे ठरवण्यात. त्यासाठी घशात नीट पाहावं लागतं, चार प्रश्न विचारावे लागतात, कधी दोन दिवस थांबावं लागतं. या कामाला आपल्या समाजात किंमत नाही. म्हणून ज्याला गरज नाही त्या मुलाच्या पोटात महिन्या-दोन महिन्यांनी अँटिबायोटिक जातं, आणि ज्याचं हृदय त्या औषधानं वाचलं असतं त्याला ते मिळत नाही किंवा अर्धंच मिळतं.

घसा दुखण्याच्या बाबतीत आपल्याकडे आरोपी आधीच ठरलेले असतात: आइस्क्रीम, चिंच, पेरू, केळं, दही. घशाचा संसर्ग मात्र माणसाकडून माणसाकडे येतो. खोकल्या-शिंकेतून उडणारे थेंब, एकाच बाटलीतून प्यायलेलं पाणी, नाकाला लावलेला हात दुसऱ्याच्या हाताला लागणं, या वाटांनी तो पसरतो. पावसाळ्यात आणि थंडीत मुलं बंद वर्गांत, बंद खोल्यांत एकमेकांजवळ बसतात. बालवाडीच्या वयातल्या निरोगी मुलालाही वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-घसा होऊ शकतो. एवढ्यानं त्याची प्रतिकारशक्ती कमी ठरत नाही, ती या आजारांतूनच तयार होत असते. टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या मुलाला थंड दूध आणि आइस्क्रीम देतात, कारण थंडाव्यानं दुखणाऱ्या घशाला आराम पडतो. तेव्हा आइस्क्रीम खाल्लं म्हणून मुलाला रागावण्यापेक्षा हात धुण्याची सवय लावणं जास्त उपयोगाचं.

दहा मुलांचा घसा दुखत असेल, तर त्यांतल्या सात-आठ जणांना विषाणूंची लागण झालेली असते. सर्दीचे विषाणू, फ्लू, अडिनोव्हायरस, एपस्टाइन-बार विषाणू अशी ती मोठी टोळी आहे. अँटिबायोटिकचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. अशा मुलाचं नाक वाहत असतं, खोकला असतो, आवाज बसलेला असतो, डोळे लाल असतात. ताप दोन-तीन दिवस राहतो आणि बहुतेक मुलं आठवड्याभरात बरी होतात. औषध घेतलं नसतं तरी ती बरी झाली असती. पण तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, त्याच्या आदल्या दिवशी अँटिबायोटिक सुरू केलेलं असतं, आणि श्रेय त्या बाटलीला मिळतं. पुढच्या वेळी आई तीच बाटली मागते. कधी घरात उरलेलं औषध धाकट्यालाही पाजलं जातं. अनुभवातून घेतलेला धडा चुकीचा असू शकतो, हे पटवणं या विषयात सर्वांत अवघड आहे.

उरलेल्या दोन-तीन मुलांसाठी मात्र सावध राहायला हवं. पाच ते पंधरा वर्षं वयाच्या मुलांमध्ये घशाच्या संसर्गाचं एक महत्त्वाचं कारण ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू असतो. डॉक्टर त्याला थोडक्यात 'स्ट्रेप' म्हणतात. तीन वर्षांखालच्या बाळांत तो क्वचित आढळतो. या आजारात घसा अचानक दुखायला लागतो, ताप चढतो, डोकं किंवा पोट दुखतं. टॉन्सिल लालभडक होतात, त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके येतात. जबड्याखालच्या गाठी सुजतात आणि दाबल्यावर दुखतात. खोकला आणि सर्दी मात्र नसते. १९८१ मध्ये रॉबर्ट सेंटॉर या अमेरिकी डॉक्टरांनी मोठ्या माणसांतल्या घसादुखीसाठी अशा चार खुणांचा हिशेब मांडला: ताप, टॉन्सिलवरचे ठिपके, मानेतल्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. पुढे वय धरून तो मुलांसाठीही वापरला जाऊ लागला. या चारही खुणा तपासायला दोन मिनिटं लागतात. त्यांतल्या एकीसाठी घशात बॅटरी मारावीच लागते.

हा जिवाणू भीतीदायक आहे तो घसा बरा झाल्यानंतरच्या गोष्टीमुळे. स्ट्रेपचा घसादेखील उपचारांशिवाय आठवड्याभरात शांत होतो. मूल शाळेत जायला लागतं, घरचे विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी त्याचा गुडघा सुजतो, मग घोटा, मग मनगट. दुखणं या सांध्यातून त्या सांध्यात फिरतं, पुन्हा ताप येतो, धाप लागते. हा संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीव्हर. जिवाणूच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयाच्या प्रथिनांसारखी दिसतात. जिवाणूशी लढायला तयार झालेली शरीराची फौज त्या साम्यामुळे फसते आणि स्वतःच्याच हृदयावर चालून जाते. सुजलेले सांधे काही आठवड्यांत पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपेवर पडलेले व्रण मात्र राहतात, आणि प्रत्येक नव्या हल्ल्यात वाढतात. पंधरा-वीस वर्षांनी एखादी तरुण बाई गरोदरपणात धाप लागून रुग्णालयात येते आणि तिची झडप आकसलेली निघते. त्याची सुरुवात शाळेत असताना दुखलेल्या घशातून झालेली असू शकते. या हृदयविकारानं जगात दरवर्षी तीन लाखांहून अधिक माणसं मरतात. त्यांतली बहुतेक आपल्यासारख्या देशांतली असतात.

हे टाळता येतं, याचा पुरावा सत्तर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात वॉरन नावाचा हवाई दलाचा तळ होता. तिथल्या बराकींमध्ये दाटीनं राहणाऱ्या तरुण सैनिकांत स्ट्रेपच्या साथी येत आणि उपचार न मिळालेल्या शंभरांतल्या सुमारे तिघांना पुढे संधिवाताचा ताप येई. चार्ल्स रॅमलकँप, फ्लॉइड डेनी, लुई वॅनमेकर या डॉक्टरांनी तिथे पेनिसिलिन देऊन पाहिलं आणि हा ताप जवळजवळ थांबला. त्यांचा अहवाल १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला तरी हृदय वाचतं, हेही पुढे त्याच ठिकाणच्या कामातून कळलं.

या नऊ दिवसांचा अर्थ प्रत्येक आईवडिलांनी समजून घ्यावा असा आहे. खुणा धूसर असतील, तर डॉक्टरांनी एक-दोन दिवस थांबून पुन्हा पाहिल्यानं मुलाचं नुकसान होत नाही. 'आत्ताच्या आत्ता काहीतरी द्या' या घाईला वैद्यकीय आधार नाही. मात्र एकदा स्ट्रेप ठरला, की पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्यायचं. ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतो, मूल खेळायला लागतं आणि बाटली फ्रिजच्या दारात विसरली जाते. दहा दिवस घसा बरा होण्यासाठी नसतात, घशातला जिवाणू पुरता नाहीसा होण्यासाठी असतात. दहा दिवस औषध घेणं जमणार नसेल, तर बेंझाथीन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन पुरतं. ते दुखतं आणि काही जणांना पेनिसिलिनची ॲलर्जी असते, म्हणून अनेक डॉक्टर ते टाळतात. तयारी ठेवून, आधी विचारपूस करून दिलं, तर ते आजही खात्रीचं औषध आहे. जगभर इतकी वर्षं वापरूनही पेनिसिलिनला दाद न देणारा ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस रुग्णांत आढळलेला नाही. ॲझिथ्रोमायसिनसारख्या, तीन दिवसांत संपणाऱ्या आणि म्हणून लोकप्रिय झालेल्या औषधांना मात्र हाच जिवाणू ठिकठिकाणी जुमानेनासा झाला आहे. जुनं, साधं, स्वस्त औषध इथे नव्यापेक्षा भरवशाचं आहे.

पेनिसिलिनशी महाराष्ट्राचं जवळचं नातं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. देशाला लागणारं पेनिसिलिन देशात तयार व्हावं आणि गरिबाला परवडावं, हा त्यामागचा विचार होता. आज अँटिबायोटिक परवडतं, पण त्याची वाटणी उफराटी झाली आहे. शहरातल्या सुखवस्तू घरातल्या मुलाला प्रत्येक सर्दीला महागडं सिरप मिळतं. वीटभट्टीवरच्या, ऊसतोडणीच्या फडावरच्या, दहा बाय दहाच्या खोलीत सहाजणांत झोपणाऱ्या मुलाचा घसा दुखतो तेव्हा आईचा रोज बुडेल म्हणून दवाखानाच टळतो. स्ट्रेप दाटीत पसरतो, त्यामुळे संधिवाताच्या तापाचा धोका या दुसऱ्या मुलालाच जास्त असतो. युरोप-अमेरिकेत हा आजार पेनिसिलिन येण्याआधीपासूनच ओसरू लागला होता, कारण लोकांना राहायला अधिक मोकळी घरं मिळू लागली होती. मुलाचा घसा हा घराच्या आकाराशी जोडलेला आहे. आरोग्याचं धोरण आखणाऱ्यांनी हे विसरू नये.

घशावरून तोंडाकडे आलं की पाहण्याची गरज आणखी स्पष्ट होते. 'तोंड आलंय' हा आपला एकच शब्दप्रयोग निदान तीन वेगळ्या आजारांना लागू पडतो. दोन महिन्यांच्या बाळाच्या जिभेवर, गालांच्या आतून दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग दिसतात, पुसले तरी सहज निघत नाहीत. ती कँडिडा नावाची बुरशी असते. दोन वर्षांच्या मुलाच्या हिरड्या सुजून लाल होतात, रक्त येतं, ओठांवर आणि जिभेवर फोड येतात, लाळ गळते, ताप असतो. ती हर्पीसची पहिली लागण असते. पाळणाघरातल्या मुलांना एकापाठोपाठ एक तोंडात फोड येतात आणि तळहात-तळपायांवर पुरळ उठतं, तेव्हा तो हात-पाय-तोंडाचा आजार असतो. तो कॉक्ससॅकी विषाणूंमुळे होतो आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातो. पहिल्याला बुरशीवरचं औषध लागतं. दुसऱ्यात पहिल्या तीन दिवसांत ॲसायक्लोव्हिर सुरू केलं तर फायदा होतो. तिसऱ्यात पाणी, पातळ खाणं आणि वेदनाशामक पुरतं. अँटिबायोटिक तिन्हींपैकी एकावरही चालत नाही. उलट अँटिबायोटिकमुळे तोंडातले उपयोगी जिवाणू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं, म्हणजे न लागणाऱ्या औषधातून नवा आजार उभा राहतो. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्या मुलानंही प्रत्येक वेळी चूळ भरली नाही तर हीच बुरशी वाढते.

इथेही पिंपरीची आठवण काढावी लागते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधल्या एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवलं. त्या जीवाला त्यांनी 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असं गावाचं नाव दिलं. बाळांच्या तोंडातल्या बुरशीवर हे औषध वापरलं गेलं. इथल्याच मातीनं इथल्या बाळांना औषध दिलं, ही आपल्या शाळांत सांगितली जावी अशी गोष्ट आहे.

घशात न पाहण्याची सर्वांत भयंकर किंमत घटसर्पात मोजावी लागते. घटसर्पाचा जिवाणू घशात राखाडी, चिवट पापुद्रा तयार करतो. तो ओढला तर रक्त येतं. मान बैलासारखी सुजते, श्वास कोंडतो आणि जिवाणूचं विष हृदयापर्यंत जातं. या विषावरच्या प्रतिविषाच्या कामासाठी एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकातलं पहिलं नोबेल पारितोषिक मिळालं. प्रतिविष जितक्या लवकर दिलं जाईल तितकं मूल वाचण्याची शक्यता जास्त, आणि लवकर देण्यासाठी तो पापुद्रा कुणीतरी वेळेवर पाहायला हवा. आता घटसर्प राहिला नाही असं पुष्कळांना वाटतं. जगातल्या घटसर्पाच्या रुग्णांचा मोठा वाटा अजूनही भारतातून येतो. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याची लस आपण नेमानं देतो. पण दीड वर्षाचा आणि पाचव्या-सहाव्या वर्षाचा बूस्टर, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, या वेळा आल्या की कार्ड सापडत नाही. म्हणून आज घटसर्प शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांतही दिसतो.

यावर कुणी म्हणेल, नुसतं पाहून काय होतं? पाहणाऱ्याचा डोळाही फसतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला इतिहासाची साक्ष आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतली अकरा वर्षांची एक हजार मुलं तपासण्यात आली. त्यांतल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासलं आणि १७४ जणांचे काढायला सांगितले. ज्यांना नको सांगितलं होतं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, तर त्यांनी ९९ जणांना ऑपरेशन सुचवलं. राहिलेली ११६ तिसऱ्यांदा दाखवली, तेव्हा आणखी ५१ निघाली. हजारांतली फक्त ६५ मुलं सुटली. प्रत्येक वेळी डॉक्टरांनी पाहिलं होतंच. पण मोजमाप हाती नसताना ते समोरच्या मुलांतली जवळजवळ निम्मी आजारी ठरवत गेले.

म्हणून पाहण्याला हिशेबाची जोड हवी. टॉन्सिलसाठी हा हिशेब पुढे अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जॅक पॅरडाइज यांच्या १९८४च्या अभ्यासातून आला: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, नोंद केलेला जोरदार घशाचा आजार झाला, तर ऑपरेशनचा विचार करावा. मुलाला झोपेत श्वास अडकतो का, हा वेगळा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. नुसते मोठे दिसतात म्हणून टॉन्सिल काढू नयेत. लहान वयात ते मोठे असणारच, पुढे ते आपोआप आक्रसतात.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे: मी अँटिबायोटिक लिहिलं नाही तर पेशंट शेजारच्या दवाखान्यात जाईल. यात तथ्य आहे, आणि त्याचा दोष एकट्या डॉक्टरांवर टाकता येणार नाही. आपण पैसे देतो ते चिठ्ठीचे. 'हा विषाणूचा घसा आहे, औषध लागणार नाही, परवा दाखवा' असं सांगणाऱ्या डॉक्टरांनी काहीच केलं नाही असं आपल्याला वाटतं, खरं तर सर्वांत कठीण काम त्यांनी केलेलं असतं. तिसरा आक्षेप असा, की जिथे संधिवाताचा ताप आहे तिथे सगळ्यांना अँटिबायोटिक देऊन टाकलेलं बरं. जिथे हा ताप खरोखर आढळतो आणि तपासणी होऊ शकत नाही, तिथे संशय घेण्याची पायरी खाली आणावी, हे मला मान्य आहे. चारपैकी बहुतेक खुणा असतील तर थांबू नये. पण नाक वाहणाऱ्या, खोकणाऱ्या प्रत्येक मुलाला औषध देणं हा त्याचा अर्थ होत नाही. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये औषधांच्या पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम काढली, ती रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका असं सांगते. मेडिकलच्या काउंटरवर ती रेघ रोज ओलांडली जाते.

घरी काय करावं? वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावं, ॲस्पिरिन मुलांना कधीही देऊ नये. पाणी, पेज, ताक, सूप, जे मूल घेईल ते थोडं थोडं द्यावं. गुळण्या करता येणाऱ्या मुलाला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावाव्यात. हळदीचं दूध आवडत असेल तर द्यावं. मध एक वर्षाखालच्या बाळाला चाटवू नये, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पडजीभ वाढली म्हणून कुणाकडून बोटानं दाबून घेऊ नये. आणि मूल लाळही गिळू शकत नसेल, तोंड उघडत नसेल, श्वास घेताना आवाज येत असेल, मान सुजली असेल किंवा सात-आठ तास लघवी झाली नसेल, तर रात्र आहे म्हणून थांबू नये.

पुढच्या वेळी मुलाला दवाखान्यात न्याल तेव्हा 'जोरदार औषध द्या' हे वाक्य घरी ठेवून जा. त्याऐवजी म्हणा, "एकदा बॅटरी मारून घसा बघता का?" मग विचारा, हा विषाणूचा आहे की जिवाणूचा, आणि परत कधी दाखवू. औषध लागणार नाही असं उत्तर आलं, तर त्या डॉक्टरांची फी आनंदानं द्या. आणि दहा दिवसांचं औषध लिहून दिलं, तर मूल तिसऱ्या दिवशी अंगणात खेळायला लागलं तरी दहाव्या दिवसाचा शेवटचा डोस चुकवू नका.